पहाऱ्यातला लेखक : रोबेर्तो साविआनो

13 ऑक्टोबर 2006 रोजी इटलीच्या गृहखात्याने रोबेर्तो साविआनो या 27 वर्षांच्या लेखकाला पोलीस संरक्षण दिले. त्या दिवसापासून ते एकटे रस्त्यावर चाललेले नाहीत. चिलखती गाडी, पुढेमागे सशस्त्र काराबिनिएरी (इटलीचे निमलष्करी पोलीस), मुक्काम कधी पोलिसांच्या बराकीत तर कधी दोन-चार दिवसांपुरत्या घरात, अशा रीतीने त्यांचे तारुण्य गेले. त्यांनी तोवर एकच पुस्तक लिहिले होते. ‘गोमोर्रा’ हे त्याचे नाव. आजच्या इटालियन साहित्यात साविआनो यांच्यापेक्षा कसदार लिहिणारे लेखक सापडतील, पण लेखनामुळे ज्याचे रोजचे जगणेच बदलून गेले असा त्यांच्याइतका ठळक लेखक दुसरा नाही.

साविआनो यांचा जन्म 22 सप्टेंबर 1979 रोजी नेपल्समध्ये झाला. वडील डॉक्टर, आई भूगर्भशास्त्राची अभ्यासक. लहानपण नेपल्सच्या उत्तरेला असलेल्या काझेर्ता परिसरात गेले. हा भाग एकेकाळी शेतीसाठी, टोमॅटो-पीचच्या बागांसाठी आणि म्हशीच्या दुधाच्या मोझ्झारेल्ला चीजसाठी ओळखला जाई. 1980 नंतर मात्र त्याची ओळख काझालेझी टोळीचा मुलूख अशी झाली. गोळी लागून पडलेल्या एका तरुणावर वडिलांनी उपचार केले आणि टोळीने ज्याला मारायचे ठरवले त्याला वाचवले म्हणून त्यांना मारहाण झाली, ही आठवण साविआनो यांनी लिहून ठेवली आहे. डॉक्टरने कोणाला वाचवायचे हेसुद्धा टोळी ठरवते, हा त्या घराला मिळालेला धडा होता.

त्या मुलुखातली दुसरी घटना साऱ्या इटलीला माहीत आहे. 19 मार्च 1994 रोजी काझाल दि प्रिंचिपे गावातल्या चर्चमध्ये सकाळच्या प्रार्थनेची तयारी करत असताना डॉन ज्युझेप्पे दियाना या 35 वर्षांच्या धर्मगुरूंना गोळ्या घालण्यात आल्या. त्या दिवशी संत जोसेफचा सण होता, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या नावाचा दिवस. टोळ्यांविरुद्ध उघडपणे बोलावे, असे आवाहन करणारे पत्रक दियाना यांनी इतर धर्मगुरूंसह आधीच काढले होते. साविआनो तेव्हा चौदा वर्षांचे होते. पुढे ‘गोमोर्रा’मध्ये त्यांनी दियाना यांच्यावर एक प्रकरणच लिहिले, आणि बोलणे हेच ज्यांचे एकमेव शस्त्र होते असा माणूस म्हणून त्यांना उभे केले.

नेपल्सच्या फेदेरिको द्वितीय विद्यापीठातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यावर साविआनो वृत्तपत्रांतून आणि साहित्यिक नियतकालिकांतून लिहू लागले. स्कूटरवरून नेपल्सच्या उपनगरांत हिंडणे, पोलिसांचा वायरलेस ऐकून खुनाच्या जागी पोहोचणे, न्यायालयातले कागद तासन्‌तास वाचणे, हा त्यांचा दिनक्रम होता. 2004 च्या अखेरीस सेकोंदिल्यानो आणि स्कांपिआ या उपनगरांत दि लाउरो घराणे आणि त्यातून फुटलेला गट यांच्यात टोळीयुद्ध पेटले. काही महिन्यांत डझनावारी मुडदे पडले. टोळीशी काडीचाही संबंध नसलेली माणसेही त्यांत मारली गेली. ‘गोमोर्रा’चा मोठा भाग या काळात गोळा झालेल्या ऐवजावर उभा आहे.

कामोर्रा म्हणजे नेपल्स आणि त्याच्या भोवतालच्या कांपानिया प्रांतातली संघटित गुन्हेगारी. सिसिलीच्या माफियाला निदान वरून खालपर्यंत एक उतरंड असते. कामोर्रात तशी एक गादी नाही. प्रत्येक भागावर एका घराण्याची सत्ता, आज सोयरीक तर उद्या वैर. शिवाय आतल्या माणसांच्या तोंडी ‘कामोर्रा’ हा शब्द सहसा येत नाही. तो पोलिसांचा आणि पत्रकारांचा शब्द. ती माणसे तिला ‘सिस्तेमा’ म्हणतात, म्हणजे व्यवस्था. साविआनो यांनी या शब्दावर नेमके बोट ठेवले. चाकू-पिस्तुलांच्या कथा सांगण्यापेक्षा ही व्यवस्था पैसा कसा करते, हे त्यांनी दाखवले. बंदरातून येणारा चोरटा माल, सिमेंट आणि बांधकामाची कंत्राटे, कोकेनचा घाऊक व्यापार, उत्तरेतल्या कारखान्यांचा विषारी कचरा स्वस्तात घेऊन शेतजमिनीत पुरणे, असे तिचे धंदे. या कचऱ्यावरच्या प्रकरणाचे नाव ‘आगीची भूमी’. कचरा पुरतात आणि जाळतात त्या पट्ट्याला आज सरकारी कागदांतही याच नावाने ओळखले जाते.

पुस्तकातले एक प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. नेपल्सजवळच्या आर्झानो गावात फॅशनच्या बड्या कंपन्यांसाठी कपडे शिवणारे लहान कारखाने आहेत. एका खोलीत कारखानदार बसतात, कंपनीचा माणूस कपडा आणि नमुना दाखवतो, आणि लिलाव उलटा चालतो. कोण कमी पैशांत, कमी दिवसांत देतो, याची बोली लागते. कपडा मात्र बऱ्याच जणांना दिला जातो. जो वेळेत आणि उत्तम माल देईल त्यालाच पैसे, बाकीच्यांना कपडा ठेवून घ्यायची मुभा. तो उरलेला माल टोळ्यांमार्फत बनावट ब्रँड म्हणून जगभर विकला जातो, आणि शिलाई तीच असल्यामुळे तो बनावट असूनही खऱ्याइतकाच चांगला असतो. या कारखान्यांत पास्क्वाले नावाचा एक असामान्य शिंपी काम करतो. एका रात्री टीव्हीवर ऑस्कर सोहळा चालू असताना त्याला अँजेलिना जोली पांढऱ्या सुटात दिसते. तो सूट त्याने शिवलेला असतो. अमेरिकेला जाणार एवढेच त्याला सांगितले होते, कोणासाठी ते नाही. हे तो कोणाला सांगूही शकत नाही, कारण कागदोपत्री तो शिंपी अस्तित्वातच नाही. पुढे तो शिवणकाम सोडतो आणि ट्रक चालवू लागतो. टोळी, कंपनी आणि कारागीर एकाच साखळीत कसे गुंफले जातात, हे या पंधरा-वीस पानांतून जितके कळते तितके आकडेवारीच्या अहवालातून कळत नाही.

‘गोमोर्रा’ 2006 च्या वसंतात मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने काढले. कामोर्रा आणि बायबलमधले शापित गोमोर्रा शहर, अशी शीर्षकात कोटी आहे. हे पुस्तक धड कादंबरीही नाही आणि धड वार्तांकनही नाही. खऱ्या नावांनी, खऱ्या खटल्यांच्या आधारे लिहिलेला मजकूर ‘मी’ या निवेदकाच्या तोंडून, कादंबरीच्या वेगाने येतो. सुरुवातीला प्रती थोड्याच छापल्या होत्या. मग तोंडोतोंडी बोलबाला होत गेला, व्हिआरेज्जो पुरस्कारात पदार्पणाच्या पुस्तकासाठीचा मान मिळाला आणि खप वाढतच गेला. आज पन्नासच्या आसपास भाषांत अनुवाद आणि जगभर सुमारे एक कोटी प्रती, एवढा त्याचा पसारा आहे.

इथेच साविआनो यांच्या आयुष्यातला कळीचा मुद्दा येतो. पुस्तकातली बरीचशी माहिती गुप्त नव्हती. स्थानिक वृत्तपत्रांत ती रोज छापून येत होती, न्यायालयांच्या निकालपत्रांत नोंदलेली होती. काझालेझी टोळीवरचा ‘स्पार्टाकस’ नावाचा प्रचंड खटला 1998 मध्ये सुरू झाला, त्यात शंभराहून जास्त आरोपी होते, आणि 2005 मध्ये त्याचा पहिला निकाल लागला, तेव्हा इटलीच्या राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्याची फारशी दखलही घेतली नव्हती. टोळ्यांना स्थानिक बातमीचे भय नसते. ती बातमी त्यांच्याच मुलुखात फिरते आणि तिथेच विरते. ‘गोमोर्रा’मुळे त्यांची नावे रोम, मिलान, बर्लिन, न्यूयॉर्कच्या वाचकांच्या घरात पोहोचली. टोळीच्या वाटेत आडवा आला तो वाचक, लेखक त्याचे निमित्त झाला. साविआनो स्वतःही अनेक वर्षे हेच सांगत आले आहेत, आणि त्यात तथ्य आहे.

23 सप्टेंबर 2006 रोजी, सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, ते काझाल दि प्रिंचिपेच्या चौकात एका जाहीर कार्यक्रमात बोलायला उभे राहिले. योव्हिने, झागारिआ आणि स्किआव्होने या टोळीप्रमुखांची नावे त्यांनी त्यांच्याच मुलुखात, त्यांच्या नातलगांदेखत, भर व्यासपीठावरून घेतली आणि ही भूमी तुमची नाही, असे ठणकावले. त्यांपैकी योव्हिने आणि झागारिआ तेव्हा फरार होते. धमक्या आल्या. ज्येष्ठ लेखक उंबेर्तो इको यांनी टीव्हीवरून, या तरुणाला एकटे सोडू नका, असे आवाहन केले. गृहमंत्री जुलिआनो आमातो यांनी संरक्षण मंजूर केले. काही आठवड्यांत सुटेल असे वाटलेला पहारा मग सुटलाच नाही.

13 मार्च 2008 रोजी ‘स्पार्टाकस’ खटल्याच्या अपिलात नेपल्सच्या न्यायालयात एक अभूतपूर्व प्रकार घडला. आंतोनिओ योव्हिने आणि फ्रांचेस्को बिदोन्येत्ती या टोळीप्रमुखांच्या वतीने एका वकिलाने लांबलचक निवेदन वाचून दाखवले. खटला दुसऱ्या न्यायालयात हलवावा, अशी मागणी करताना त्यात साविआनो, ‘इल मात्तिनो’ दैनिकाच्या पत्रकार रोझारिआ कापाक्योने आणि दोन सरकारी वकील यांची नावे घेतली होती. हे लोक न्यायाधीशांवर दबाव आणतात, असा त्यांचा दावा. ज्यांना ती भाषा कळते त्यांच्यासाठी तो इशारा होता. त्यानंतर कापाक्योने यांनाही पहारा द्यावा लागला. त्याच वर्षी जूनमध्ये अपिलाचा निकाल लागून टोळीच्या सोळा जणांच्या जन्मठेपा कायम झाल्या. सप्टेंबरमध्ये काझालेझींच्या एका गटाने कास्तेल व्होल्तुर्नो इथे सहा निरपराध आफ्रिकी स्थलांतरितांना गोळ्या घातल्या. ऑक्टोबरमध्ये साविआनो यांना नाताळापूर्वी संपवण्याचा कट असल्याची बातमी फुटली. तेव्हा दारिओ फो, मिखाइल गोर्बाचेव्ह, ग्युंटर ग्रास, रिता लेव्ही-मोंताल्चिनी, ओर्हान पामुक आणि डेस्मंड टुटू या सहा नोबेल मानकऱ्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहणारे पत्रक काढले. नोव्हेंबरमध्ये स्टॉकहोमच्या स्वीडिश अकादमीने साविआनो आणि मुंबईत जन्मलेले सलमान रश्दी यांना एका व्यासपीठावर बोलावले. इराणच्या खोमेनींनी काढलेल्या मृत्यूच्या फतव्यानंतर रश्दी यांच्या पाठीशी ठाम उभी न राहिल्याबद्दल हीच अकादमी पूर्वी टीकेची धनी झाली होती.

पहाऱ्यातले आयुष्य बाहेरून जितके शौर्याचे दिसते तितके आतून नसते. घर भाड्याने द्यायला मालक कचरतात, कारण गोळी चुकली तर भिंत त्यांची असते. बाल्कनीत उभे राहता येत नाही, ठरावीक दुकानात रोज जाता येत नाही, मनात आले म्हणून समुद्रावर फिरायला जाता येत नाही. आई आणि भावालाही घर सोडून दुसरीकडे राहावे लागले. साविआनो काही काळ अमेरिकेत राहिले, न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांनी शिकवले. ‘गोमोर्रा’ लिहिल्याचा पश्चात्ताप होतो, असेही त्यांनी मुलाखतींत उघडपणे म्हटले आहे. 2021 मध्ये इस्रायली चित्रकार असाफ हनुका यांच्यासह त्यांनी ‘मी अजून जिवंत आहे’ या अर्थाच्या नावाचे एक चित्रमय आत्मकथन काढले.

पुस्तकाचे आयुष्य मात्र मोकळे होते. मात्तेओ गार्रोने यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला 2008 मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले. 2014 ते 2021 या काळात त्यावरची मालिका पाच पर्वे चालली आणि अनेक देशांत पाहिली गेली. या मालिकेवर आक्षेपही आले. गुन्हेगार तिचे नायक झाले, पोरे त्यांची नक्कल करू लागली आणि नेपल्सच्या लाखो कष्टाळू माणसांची बदनामी झाली, असे त्या शहरातले अनेक जण म्हणतात. ही तक्रार झटकून टाकण्यासारखी नाही. स्कांपिआत राहणाऱ्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीत पत्ता सांगताना संकोच वाटत असेल, तर त्याला कलेचे स्वातंत्र्य समजावणे अवघड आहे. पण मालिकेने ती परिस्थिती निर्माण केलेली नाही, आणि पुस्तकाने तर नक्कीच नाही.

साविआनो यांच्यावरचा दुसरा गंभीर आक्षेप वाङ्मयचौर्याचा आहे. दोन स्थानिक दैनिकांच्या प्रकाशकाने खटला भरला. 2013 मध्ये नेपल्सच्या अपील न्यायालयाने, आणि 2015 मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने, ‘गोमोर्रा’त त्या दैनिकांच्या काही बातम्यांतला मजकूर श्रेय न देता घेतला असल्याचे मान्य केले. पुस्तकाच्या एकूण पानांच्या मानाने तो भाग एक टक्क्याहूनही कमी होता आणि भरपाईची रक्कमही पुढे बरीच कमी झाली. 2015 मध्येच कोकेनच्या जागतिक व्यापारावरच्या त्यांच्या ‘झेरोझेरोझेरो’ या पुस्तकाबद्दल एका अमेरिकी पत्रकाराने तसेच आरोप केले. साविआनो यांनी ते नाकारले. तरीही दोष त्यांचा आहे. जी माहिती धोका पत्करून स्थानिक वार्ताहरांनी मिळवली होती, तिच्यावर जगप्रसिद्ध झालेल्या लेखकाने त्यांचे ऋण पानावर नोंदवायला हवे होते.

‘गोमोर्रा’नंतरच्या लेखनात ‘झेरोझेरोझेरो’ (2013) महत्त्वाचे. इटलीत पिठाची प्रत शून्यांनी दाखवतात, त्यावरून शुद्ध कोकेनसाठी हे नाव. नेपल्समधल्या पोरसवदा टोळ्यांवरची ‘ला पारांत्सा देई बांबिनी’ (2016) ही त्यांची पहिली सरळ कादंबरी. पारांत्सा म्हणजे दिव्याच्या उजेडाने लहान मासे जाळ्यात ओढणारी होडी. या कादंबरीवरच्या चित्रपटाला 2019 मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात पटकथेसाठी रौप्य अस्वल मिळाले, आणि पटकथालेखकांत साविआनो होते. 1992 मध्ये माफियाने बॉम्बस्फोटात मारलेले न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यावर त्यांनी 2022 मध्ये मोठी कादंबरी लिहिली. साहित्यगुणांत यांतले एकही पुस्तक ‘गोमोर्रा’च्या जवळ जात नाही. स्कूटरवरून हिंडून लिहिणाऱ्या लेखकाकडून रस्ताच काढून घेतला, तर असे होणारच.

रस्ता गेला आणि टीव्ही आला. नोव्हेंबर 2010 मध्ये सरकारी वाहिनीवर फाबिओ फाझिओ यांच्यासह त्यांनी ‘व्हिएनी व्हिआ कोन मे’ हा चार भागांचा कार्यक्रम केला. एक माणूस उभा राहून वीस-पंचवीस मिनिटे बोलतो, हा त्याचा गाभा, पण एका भागाला नव्वद लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. उत्तर इटलीतही गुन्हेगारी टोळ्या राजकारणात शिरकाव करू पाहतात, असे ते त्यात बोलले तेव्हा गृहमंत्री रोबेर्तो मारोनी चिडले आणि उत्तर द्यायला पुढच्या एका भागात स्वतः हजर झाले. त्याच वर्षी पंतप्रधान सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांनी अशा लेखनामुळे देशाची जगात बदनामी होते, अशी टीका केली होती. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी, की ‘गोमोर्रा’ची प्रकाशनसंस्था बर्लुस्कोनी कुटुंबाच्याच मालकीची होती. साविआनो यांनी पुढची काही पुस्तके फेल्त्रिनेल्ली या प्रकाशनसंस्थेकडे दिली.

यानंतर ते केवळ कामोर्राविरोधी लेखक उरले नाहीत. भूमध्य समुद्रातून येणाऱ्या स्थलांतरितांच्या बाजूने त्यांनी सतत लिहिले, आणि उजव्या पक्षांशी त्यांचे उघड वैर झाले. 2018 मध्ये गृहमंत्री मात्तेओ साल्विनी यांनी, साविआनो यांच्या पहाऱ्याची गरज आहे का ते तपासू, असे सूचकपणे म्हटले. ज्या खात्याने संरक्षण द्यायचे त्याच खात्याच्या मंत्र्याने असे बोलणे हे कोणत्याही लोकशाहीत अशोभनीयच आहे. डिसेंबर 2020 मध्ये टीव्हीवरच्या एका चर्चेत, गिनीहून आलेल्या सहा महिन्यांच्या बाळाच्या समुद्रातल्या मृत्यूबद्दल बोलताना, साविआनो यांनी साल्विनी आणि उजव्या पक्षाच्या नेत्या जॉर्जा मेलोनी यांच्यासाठी ‘हरामखोर’ या अर्थाची शिवी वापरली. मेलोनी यांनी फौजदारी अब्रुनुकसानीचा खटला भरला. खटला सुरू होईपर्यंत त्या पंतप्रधान झाल्या होत्या. 12 ऑक्टोबर 2023 रोजी रोमच्या न्यायालयाने साविआनो यांना दोषी ठरवून 1000 युरोचा दंड केला आणि त्याची अंमलबजावणी स्थगित ठेवली. शिवीचे समर्थन करण्याची गरज नाही. पण पदावर असलेल्या पंतप्रधानांनी एका लेखकाविरुद्धचा फौजदारी खटला मागे न घेणे, ही त्या शिवीपेक्षा मोठी बाब आहे.

2023 च्या जुलैमध्ये सरकारी वाहिनीने त्यांचा गुन्हेगारीवरचा कार्यक्रम वेळापत्रकातून काढला. 2024 मध्ये फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात इटली सन्मान्य पाहुणा देश होता. अधिकृत लेखकांच्या यादीत, देशाबाहेर सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या इटालियन लेखकांपैकी एक असलेले साविआनो नव्हते. चाळीसेक लेखकांनी निषेधाचे पत्र काढले, काहींनी आपले नाव मागे घेतले. उशिरा आलेले निमंत्रण साविआनो यांनी नाकारले, आणि आपल्या जर्मन प्रकाशकाचे पाहुणे म्हणून ते फ्रँकफर्टला गेले.

ज्यांनी त्यांना धमकावले त्यांचे काय झाले, हेही सांगायला हवे. योव्हिने नोव्हेंबर 2010 मध्ये पकडला गेला आणि पुढे माफीचा साक्षीदार झाला. झागारिआ डिसेंबर 2011 मध्ये एका घराखालच्या बंकरमध्ये सापडला. 2008 च्या त्या निवेदनाचा खटला आधी नेपल्समध्ये चालला, मग अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर रोमला गेला. 2021 मध्ये तिथे बिदोन्येत्ती आणि त्याचा वकील यांना माफिया पद्धतीच्या धमकीबद्दल शिक्षा झाली. 14 जुलै 2025 रोजी रोमच्या अपील न्यायालयाने ती कायम केली. निकाल ऐकताना साविआनो न्यायालयातच रडले. न्यायालयात वाचलेले ते निवेदन म्हणजे धमकीच होती, हे अपिलातही मान्य व्हायला सतरा वर्षे लागली. त्या दिवशीही ते पहाऱ्यातच न्यायालयात आले होते आणि पहाऱ्यातच परत गेले.